जुन्या अक्षरासमोर बसताना

आज घाई नको. घरात शोधून एखादा जुना छापील कागद काढून आणा. आजोबांच्या ट्रंकेतली पोथी चालेल, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका चालेल, नाटकांच्या जाहिराती असलेला वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला तुकडाही चालेल. काहीच हाती लागलं नाही तर रद्दीच्या दुकानात जाऊन जुन्या दिवाळी अंकाचं सुटलेलं एखादं पान मागून घ्या. मोबाइलवरचं छायाचित्र मात्र नको, कारण या मननात बोटांनाही काम आहे.

कागद टेबलावर ठेवा. खिडकी किंवा दिवा एका बाजूला येईल असं बसा, म्हणजे उजेड कागदावर तिरपा पडेल. अजून वाचायला लागू नका. मजकूर कळला की डोळा अक्षर सोडून अर्थाकडे धावतो, आणि आज आपल्याला अर्थाशी कर्तव्य नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. कागद उलटा फिरवा, शिरोरेषा खाली आणि उकार वर येतील असा. आता शब्द उरले नाहीत. काळे आकार उरले आणि त्यांच्यामधली पांढरी जागा उरली.

आधी त्या पांढऱ्या जागेकडेच बघा. म च्या आत किती पांढरं आहे, व च्या पोटात किती, दोन अक्षरांच्या मधे किती, दोन ओळींच्या मधे किती. कुठे दाटी झाली आहे, कुठे सैल पडलं आहे. अक्षर काढणारा माणूस काळ्याइतकाच पांढऱ्याचाही विचार करतो, आणि जुनं काम चांगलं की सुमार हे बहुतेक वेळा इथेच कळतं. शिरोरेषेखाली टांगलेली अक्षरं असल्यामुळे देवनागरीची ओळ वरून बांधलेली आणि खालून मोकळी असते. उलटी धरली की हे चटकन जाणवतं. एक सरळ तळ आणि त्यावर उगवलेले वाकडेतिकडे शेंडे. इथेच थोडा वेळ थांबा. नवीन काही सुचायलाच हवं असं नाही.

आता कागद पालथा करा आणि मागच्या बाजूवरून बोट हळूच फिरवा. अक्षरांच्या जागी बारीक उठाव लागतो का? लागत असेल तर हा कागद शिशाच्या खिळ्यांनी छापलेला आहे. खिळ्यावरच्या उलट्या अक्षराला शाई लागली, यंत्राने कागद त्यावर दाबला आणि दाब मागे उमटला. गावोगावच्या छोट्या छापखान्यांत ट्रेडल मशीनवर निघालेल्या लग्नपत्रिकांत हा उठाव हमखास सापडतो, कारण जाड कार्डावर ठसा नीट यावा म्हणून दाब सढळ दिलेला असतो. मागची बाजू सपाट लागली तर दोन-तीन शक्यता उरतात. त्यातली एक जुनी आणि मोठी रम्य आहे, शिळाछापाची. ती ओळखायची असेल तर एकच अक्षर धरा, समजा त. पानावरचे चार-पाच त शोधा आणि एकमेकांशी ताडून बघा. खिळ्यांचं पान असेल तर सगळे त एका साच्यातले निघतील, फार तर एखाद्याची कड झिजलेली असेल. शिळाछापाची पोथी असेल तर प्रत्येक त वेगळा निघेल. एकाचा काना किंचित लांब, दुसऱ्याचं वळण जरा घाईचं. कारण ते छापील असूनही कुणीतरी हाताने लिहिलेलं आहे.

शिळाछापाचं तंत्र साधं आणि विलक्षण आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर ते उभं आहे. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर उतरवायचा. मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, लिहिलेली जागा पाणी झिडकारते आणि छपाईची शाई तेवढी धरते. 1796 च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डर याने बव्हेरियात हे शोधून काढलं. मराठीला त्याचा मोठा उपयोग असा झाला की खिळे पाडण्याची दगदग न करता लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं छापता येऊ लागलं. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी स्वतःच्या खटपटीने शिळाप्रेस उभा केला आणि 1831 मध्ये मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून धार्मिक ग्रंथ छापून घ्यायला लोक कचरत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली असं सांगतात.

म्हणून पोथीचं पान हातात असेल तर एका ओळीवर डोळा ठेवून सावकाश डावीकडून उजवीकडे जा. लेखनिकाचा हात जिथे उचलला गेला तिथे थांबा, जिथे पुन्हा टेकला तिथून निघा. शिरोरेषा आधी ओढून मग अक्षरं टांगली आहेत की अक्षरं लिहून झाल्यावर वरून रेघ मारली आहे? काही पोथ्यांत रेघ अक्षराच्या माथ्यावरून किंचित पुढे सटकलेली दिसते आणि उत्तर मिळतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल, सुटं आणि काळंभोर असावं, ओळींतलं अंतर सारखं असावं, पहिलं अक्षर जसं पडलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत पडत राहावं, असं समर्थ रामदास त्यात बजावतात. तरुण वयात बारीक लिहिलेलं म्हातारपणी वाचता येत नाही हीसुद्धा सूचना आहे. अक्षराचा आकार वाचणाऱ्याच्या वयावरून ठरवा, हे सतराव्या शतकात कुणी इतक्या आपुलकीने सांगून ठेवलं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. आजच्या औषधांच्या वेष्टनांवरचा मजकूर लावणाऱ्यांनी तो समास वाचायला हवा.

आता ज्यांच्या हातात खिळ्यांचं पान आहे त्यांनी भिंग घ्या. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा भिंग म्हणून वापरा, त्याला एवढी सवलत. शिरोरेषेच्या बाजूने हळूहळू पुढे जा. लांबून ती सलग वाटत होती, पण ती सलग नाही. दर अक्षराला एक बारीक फट आहे, कुठे केसाएवढी, कुठे जरा जास्त. प्रत्येक खिळा आपल्या डोक्यावरची रेघ घेऊन येतो आणि शेजारच्याला चिकटून उभा राहतो. खिळे नवे असतील तर सांधा दिसत नाही, झिजले की फट पडते. मग वर बघा, मात्रेकडे, अनुस्वाराकडे, रफाराकडे. मुंबईकडच्या जुन्या जुळणीत ओळीला तीन मजले असत. मधे अक्षर, वर मात्रा-अनुस्वार-रफार, खाली उकार. प्रत्येक मजल्याचे खिळे वेगळे, ते एकावर एक रचून ओळ बांधायची. या पद्धतीला डिग्री म्हणत. अखंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीच्या एकाच खिळ्यावर असे. डिग्रीच्या पानावर मात्रा आणि शिरोरेषा यांच्यात आडवी फटसुद्धा सापडते. एखादी मात्रा आपल्या अक्षरापासून सरकून शेजाऱ्याच्या डोक्यावर गेलेली दिसते. ती ओळ जुळवणाऱ्या माणसाने खणांच्या पेट्यांमधून किती तऱ्हेचे खिळे उचलले असतील याचा अंदाज करा. मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, खुणा, सगळे मिळून शेकडो प्रकार. एक ओळ उभी करण्यासाठी माणूस किती वेळा वाकला असेल!

इथेच जावजी दादाजींची आठवण काढायची. 1839 चा जन्म. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याचं काम त्यांनी केलं. पुढे 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या जोडीला राणोजी रावजी आरू होते, पोलादात अक्षराचा ठसा कोरणारे. ते काम म्हणजे काय हे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करा. बोटाएवढ्या पोलादी कांबीच्या टोकावर, नखापेक्षा लहान जागेत, उलटा क्ष कोरायचा. कडा कानसेने घासायच्या, आतली पोकळी वेगळ्या हत्याराने ठोकून खोल करायची. दिव्याच्या काजळीत टोक धरायचं आणि कागदावर दाबून बघायचं की अक्षर कसं उमटतं. पुन्हा घासायचं. मग तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. एका अक्षराला एवढं केल्यावर पुढचं अक्षर, तेही पहिल्याशी नातं सांगणारं. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशोदेशीचे पंडित आजही हातात घेतात. त्या पुस्तकांतली बारीक टीपसुद्धा स्वच्छ वाचता येते, कारण त्या पोलादी टोकावर कुणीतरी पोटातलं पांढरं वाचवलं होतं.

आता डोळ्यांना विसावा द्या आणि हाताला काम. दोन पेन्सिली घ्या, सारख्या लांबीच्या. त्या शेजारी शेजारी धरून रबराने घट्ट बांधा, दोन्ही टोकं एकाच वेळी कागदाला टेकतील अशा. हे रुंद टोकाच्या लेखणीचं काम देतं आणि सुलेखनाच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच करून घेतात. दोन टोकं आधी अशी धरा की उजवं टोक वर आणि डावं खाली राहील. हा कोन न बदलता व काढा. मग कोन उलटा करा, डावं टोक वर, उजवं खाली, आणि पुन्हा व काढा. आता दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पहिला व काहीतरी परका वाटेल. दुसरा ओळखीचा. पहिल्या कोनाने रोमन अक्षरं लिहिली जातात, दुसऱ्याने देवनागरी. दुसऱ्या व मध्ये पोटाचं वरचं डावं वळण भरदार झालं, खालचं डावं वळण बारीक राहिलं, आणि उभा काना व आडवी शिरोरेषा साधारण एकाच जाडीच्या आल्या. र काढून बघा. उजवीकडे खाली उतरणारा त्याचा पाय निघताना बारीकच निघेल. तुम्ही काही ठरवलं नव्हतं, कोनाने ते ठरवलं. उजव्या हाताला हा कोन धरणं जरा अवघड जातं, मनगट पिळावं लागतं, आणि म्हणून बोरूचं टोक सरळ न कापता तिरकं कापत. चाकूच्या एका तिरप्या छेदातून आपल्या लिपीची जाड-बारीक ठरली, मग ती पोलादात गेली, शिशात गेली, आज पडद्यावर आहे. बोरू हातातून गेला तरी त्याचा कोन अक्षरात राहिला.

पेन्सिली खाली ठेवू नका, आणखी थोडा वेळ त्या कोनातच लिहीत राहा. स्वतःचं नाव लिहा. गावाचं नाव लिहा. चुकलं तर खोडू नका, शेजारी पुन्हा लिहा. शाळेत कित्ता गिरवताना जो कंटाळा यायचा तो इथे येऊ द्या आणि ओसरू द्या. त्याच्या पलीकडे हात स्वतःहून वळायला लागतो.

या कोनाची एक गोष्ट मला फार आवडते. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवर हाताने रंगवलेल्या ज्या पाट्या असत, त्यांच्या अक्षरांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा टाइप घडवला. तो गूगल फॉन्ट्सवर कुणालाही फुकट मिळतो. रोजच्या गर्दीत ज्या पाटीखालून आपण धक्के खात गेलो तिच्याकडे एक बाई थांबून बघतात आणि त्यातून अख्खी लिपी उभी राहते, हेच आधी मोठं आहे. पण माझा जीव अडकला आहे तो पुढच्या भागात. या टाइपात इंग्रजी अक्षरंही आहेत, आणि ती देवनागरीच्या लेखणीच्या कोनाने काढलेली आहेत. एरवी काय होतं? दोन लिप्या शेजारी आल्या की देवनागरीलाच रोमनचे कपडे घालायला लावतात. तिचे कोन सरळ करतात, जाडी रोमनच्या मापाने वाटून टाकतात. इथे उलट झालं. रोमन अक्षर आपल्या बोरूच्या हिशेबाने चाललं, थोडं विचित्र दिसलं, आणि त्या विचित्रपणात गोडवा आला. जुन्या पाटीवरून प्रेरणा घेणं म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी याच टाइपाकडे बोट दाखवीन. पाटीचा रंग, गंज, पोपडे त्यात कुठेच नाहीत. पाटी रंगवणाऱ्याच्या हाताला जे माहीत होतं तेवढं उचललेलं आहे.

कारण पोपडे उचलणं सोपं आहे. कॅफेच्या भिंती, साबणाची खोकी, लग्नपत्रिका, सगळीकडे हल्ली जुनेपणाची हौस आहे. कोऱ्या कागदावर चहाचे डाग छापतात, नव्या अक्षराच्या कडा मुद्दाम कुरतडतात, रंगाचे थर जाणूनबुजून सरकवतात. रंग सरकणं ही जुन्या छपाईतली अडचण होती. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यात एकेका चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. सगळे दगड तंतोतंत एकावर एक बसावेत म्हणून कारागीर जिवाचं रान करत, आणि तरीही कधी ओठांचा लाल रंग किंचित बाहेर येई. ज्या गोष्टीशी ते आयुष्यभर झगडले तीच आपण त्यांची आठवण म्हणून मिरवावी, हे मला पटत नाही. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर मोजक्या शाईत त्वचेचा उजेड कसा उभा केला ते घ्यावं. त्या चित्रात गालावर भिंग धरा. सलग रंग नाही, बारीक ठिपक्यांचे थर आहेत. तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आता नाटकाच्या जाहिरातींकडे वळा. जुन्या मराठी वर्तमानपत्राचं शनिवार-रविवारचं पान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती दाटी आठवेल. अरुंद चौकटी एकमेकींना खेटून, सगळं काळ्या-पांढऱ्यात, कागद खरखरीत, शाई पसरणारी. त्या गर्दीत आपल्या नाटकाचं नाव प्रेक्षकाच्या नजरेत भरायला हवं. कमल शेडगे यांनी हे काम आयुष्यभर केलं. 1935 ते 2020 हा त्यांचा काळ, आणि मराठी रंगभूमीच्या कित्येक नाटकांची नावं त्यांच्या हातची. ते अक्षर छापखान्यातून आलेलं नसे. प्रत्येक नाटकाला नवं अक्षर, कुंचल्याने काढलेलं, त्या एकाच नावासाठी घडलेलं. आठवड्यामागून आठवडे ते त्याच आकारात येत राही, आणि मग प्रेक्षक नाव वाचायच्या आधी त्याचा आकार ओळखू लागे.

तुमच्याकडे अशी जाहिरात असेल तर नावावर एक पातळ पारदर्शक कागद ठेवा आणि बारीक पेन्सिलीने बाह्यरेषा गिरवा. गिरवताना चित्रकाराचे निर्णय बोटांना कळतात, नुसतं बघताना कळत नाहीत. एखादी वेलांटी लांबवून तिने पूर्ण शब्दावर छप्पर धरलेलं असतं. कुठे शिरोरेषाच काढून टाकलेली असते आणि तरी शब्द मोडत नाही, कारण अक्षरांचे माथे एका अदृश्य रेषेला लागून उभे केलेले असतात. एका जागी थांबून विचारा, ही रेषा इथेच का वळली? उत्तर बहुधा अगदी व्यवहारी निघतं. वळली नसती तर शेजारच्या उकारावर आदळली असती. किंवा वर्तमानपत्राच्या शाईत ती फट भरून गेली असती. सौंदर्य आणि सोय त्या वळणावर इतकी एकजीव झालेली असतात की वेगळी काढता येत नाहीत.

सगळंच जुनं अक्षर चांगलं असतं असं मात्र मुळीच नाही. भुताच्या नाटकाला थेंब गळणारी अक्षरं, प्रेमकथेला बदामाचा अनुस्वार, ऐतिहासिक म्हटलं की तलवारीची मात्रा, हे तेव्हाही पुष्कळ चाले. अशा नमुन्यापाशी रेंगाळू नका. शब्दाचा अर्थ अक्षरावर चित्र म्हणून चिकटवला की अक्षर स्वतः काही बोलत नाही. ज्या अक्षरात अर्थ जाडीतून, वेगातून, दोन अक्षरांमधल्या अंतरातून येतो, तिथे बसा.

रस्त्यावर गेलात तर एक गोष्ट जरूर करा. फ्लेक्सच्या लाटेतून वाचलेली एखादी रंगवलेली पाटी अजून सापडते. जुनं किराणा दुकान, पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, तालमीची भिंत. आधी लांब उभे राहा, रस्त्याच्या पलीकडे. पाटी तिथून वाचण्यासाठी काढलेली आहे, आणि रंगवणारा दर थोड्या वेळाने शिडीवरून उतरून तिथे येऊन बघत असणार. मग जवळ जा. तिरक्या उजेडात खडूच्या दोरीने मारलेल्या रेघा अजूनही रंगाखाली दिसतात का ते बघा, एक शिरोरेषेची, एक तळाची. कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, कुठे रंग दुसऱ्यांदा दिला. काना वरून खाली येताना रंग संपत आलेला असतो आणि शेवटाला हाताने किंचित दाब वाढवलेला असतो. अक्षरांच्या मागे सावली दिली असेल तर ती कुठल्या बाजूला पडते ते पाहा आणि सगळ्या अक्षरांना एकाच बाजूने पडते का हेही पाहा. चांगल्या पेंटरची सावली कधी चुकत नाही.

शेवटी खालचा उजवा कोपरा बघा. तिथे बहुतेक वेळा बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असतं. दुकानाच्या नावाला त्याने दिलेला डौल आणि स्वतःच्या नावाला दिलेला साधेपणा शेजारी ठेवून बघा. दुकानदाराला विचारा, पाटी कधी रंगवून घेतली, कुणाकडून, तो माणूस अजून आहे का. छायाचित्र काढलंत तर त्याला जागा आणि वर्ष जोडून ठेवा. जावजी दादाजींचं नाव इतिहासात राहिलं, आरूंचं थोडं राहिलं. गावोगावच्या पाट्या रंगवणाऱ्यांचं आणि ट्रेडलवर पत्रिका जुळवणाऱ्यांचं बहुतेक गेलं. त्यांच्या अक्षरातून आपण काही उचलणार असू तर किमान सापडेल तिथे त्यांचं नाव नोंदवणं हे आपलं देणं आहे, आणि पेंटर हयात असेल तर नवं काम त्यालाच द्यावं, हे त्याहून बरं.

आणखी एक अक्षर खास बघून ठेवा, ल. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, मधल्या देठाने शिरोरेषेला लटकलेला. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे काना असतो. संगणक आले तेव्हा कित्येक वर्षं आपल्याला काना असलेलाच ल मिळत राहिला आणि मुलं तोच आपला समजू लागली. जुन्या मराठी पानावर दोन पाकळ्यांचा ल किती तऱ्हांनी आलेला आहे हे मोजण्यात एक संध्याकाळ आनंदात जाईल. कुठे पाकळ्या सारख्या, कुठे डावी लहान, कुठे देठ इतका आखूड की ल शिरोरेषेला चिकटूनच बसलेला.

एवढं बघून झाल्यावर मग नवं काही करायला बसायचं. 'जैनी' नावाचा एक टाइप आहे, मैथिली शिंगरे आणि गिरीश दळवी यांनी केलेला. त्याचा आधार आहे कल्पसूत्र या जैन ग्रंथाचं इ.स. 1503 मधलं एक हस्तलिखित. अक्षरं जाड, काळीभोर, चौकोनी ठेवणीची, एकमेकांना जवळ घेऊन बसणारी. या कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता असेल याचा विचार करा. हस्तलिखितात जी अक्षरं आहेत ती डोळ्यांपुढे असतात. पण आजच्या लिहिण्याला ऑ लागतो, प्रश्नचिन्ह लागतं, 2010 मध्ये आलेलं ₹ लागतं. प्राकृत ग्रंथ उतरवणाऱ्या त्या लेखनिकाने यातलं काहीच लिहिलेलं नाही. तिथे नक्कल थांबते. त्याचा बोरू, त्याचा कोन, त्याचं वळण मनात इतकं मुरावं लागतं की त्याने न लिहिलेलं अक्षरही त्याच्या हातून उतरल्यासारखं काढता यावं.

तर तुमच्या कागदावर नसलेलं एक अक्षर शोधा. लग्नपत्रिका असेल तर बहुधा ढ नसेल. त्या पत्रिकेचा ढ काढा. आधी तिच्यातला ट शोधा आणि त्याचं पोट किती गोल, किती खोल आहे ते बघा, ढ चं पोट तिथूनच येणार. आतली गाठ कशी वळवायची याचा अंदाज द वरून घ्या. शिरोरेषेपासून खाली येणारा आखूड देठ किती लांब ठेवायचा हे ट आणि ठ सांगतील. दोन बांधलेल्या पेन्सिली पुन्हा घ्या, डावं टोक वर, आणि मोठ्या आकारात काढा. नंतर लहान करून पत्रिकेतल्या मापाएवढा छापून तिच्या एखाद्या ओळीत ठेवा आणि हात लांब करून बघा. गाठीच्या आतलं पांढरं बुजलं असेल तर पोट थोडं रुंद करा, गाठ थोडी उघडा, आणि पुन्हा छापा.